दीडच्या गाडीने गेलेली बातमी

यशोधराने आयुष्यात पहिली बातमी लिहिली ती न झालेल्या कार्यक्रमाची.

साल होतं एकोणीसशे नव्वद. नेवासे तालुक्यात, नगरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका सहकारी दूध संघात ती नुकतीच चिकटली होती. संघाचं नाव सांगत बसत नाही. असला एक संघ आणि असला एक चेअरमन आपल्याकडे तालुक्यागणिक सापडतो, आणि नाव न घेताच चौघांना राग येतो. यशोधरा सोनईची. वडील रंभाजी साळवे ती शाळेत असतानाच गेले. आई भिमाबाई याच संघात दुधाचे कॅन धुवायची, रोजंदारीवर, संघ निघाला तेव्हापासून. तिनं कॅन धुवून धुवून पोरीला बी.ए. केलं. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाल्यावर पोरगी त्याच संघात कारकून म्हणून लागली. हुद्दा कनिष्ठ लिपिक, दूध संकलन विभाग. काम म्हणाल तर पुढ्यात येईल ते.

त्या दिवशी संघाच्या आवारात कालवडींचं प्रदर्शन होतं, संध्याकाळी पाचला. सकाळी अकराला चेअरमन रंगनाथअण्णांनी तिला बोलावलं.

"पोरी, तुजं अक्षर चांगलंय म्हनत्यात. आजच्या प्रदर्शनाची बातमी लिव."

"पण अण्णा, ते व्हायचंय अजून."

अण्णा पोट धरून हसले. मग त्यांनीच समजावलं. नगरची वर्तमानपत्रं संध्याकाळी सातनंतर बातमी घेत नसत. नगरला जाणारी एसटी फाट्यावर दुपारी दीडला यायची. आणि अण्णा स्वतः कुठल्याही कार्यक्रमाला दोन तास उशिरा पोचले नाहीत तर लोकांना त्यांची तब्येत बिघडल्यासारखं वाटायचं. तेव्हा बातमी आधी लिहायची, 'उत्साहात संपन्न झाले' अशी थेट उरकलेली. कोण कोण 'उपस्थित होते' त्यांची नावं मानाच्या क्रमाने घालायची, आणि पाकीट दीडच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं. कार्यक्रम मागाहून सावकाश होईना का.

त्या गाडीवर आसाराम नावाचा कंडक्टर होता. पाकीट घेताना तो रोज डोळा बारीक करून विचारायचा, "ताई, आज संध्याकाळी काय काय झालं म्हने?" यशोधराला पहिल्यांदा लाज वाटली, मग हसू यायला लागलं, आणि वर्षाभरात काहीच वाटेनासं झालं.

एकदाच पंचाईत झाली. एका वर्धापनदिनाला बोलावलेले प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. बातमी तर दीडलाच गेलेली; तिच्यात पाहुण्यांनी मार्गदर्शन केलं होतं, शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं आणि आवारात लिंबाचं झाड लावलं होतं. सकाळी यशोधरा अंक घेऊन अण्णांपुढे उभी राहिली. अण्णा शांतपणे चहा फुंकत होते. "छापून आलंय ना? मंग झालंय." असं म्हणून त्यांनी जीप काढली, पाहुण्यांच्या घरी जाऊन शाल-नारळ देऊन आले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना आणून लिंबाचं झाडही लावून घेतलं. ते झाड पुढं चांगलं मोठं झालं. यशोधराची दुपारची भाकरी त्याच सावलीत व्हायची, आणि अण्णांची एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली. छापून आलेलं अण्णा कधी खोटं पडू देत नाहीत.

आता हे सगळं ती करायची, पण जनसंपर्क अधिकारी ती नव्हती. ती पाटी कानिफनाथच्या दारावर होती. कानिफनाथ अण्णांचा भाचा. माणूस वाईट नव्हता, पण लिहायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. प्रत्येक बातमीखाली सही त्याची. वर्तमानपत्रवाले दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवायचे तोही त्याला. तो त्यातले दोन पेढे न चुकता यशोधराच्या टेबलावर आणून ठेवायचा, हेही सांगायला पाहिजे.

यशोधराला मात्र त्या कामाची खरोखरच गोडी लागली. चौऱ्याण्णव साली संघात फॅक्स मशीन आलं. पुस्तिका वाचून ते पहिल्यांदा चालवलं तिनं आणि कानिफनाथला शिकवलंही तिनंच. कागद कसा घालायचा, आलेला फॅक्स फाडून आधी पूर्ण वाचायचा आणि मग ज्याचा त्याला तडक नेऊन द्यायचा, हे तिनं त्याच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं. शहाण्णव साली नगरला दिल्ली दरवाजाजवळ कॉम्प्युटरचा क्लास निघाला. दर शनिवारी दुपारची गाडी धरून ती जायची. पहिल्या दिवशी माऊस हातात धरला तर पडद्यावरचा बाण पळून कुठल्या कुठं गेला, आणि शेजारची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. तिसऱ्या महिन्यात तीच पोरं तिला विचारायला लागली की ताई, फोटोभोवती मजकूर कसा वळवायचा. पेजमेकर, स्कॅनर, मराठी फॉन्ट सगळं तिनं खाऊन टाकलं. जोडीला जनसंपर्काची पत्राद्वारे पदविका केली. त्या पुस्तकांत लिहिलं होतं की जनसंपर्क म्हणजे संस्था आणि लोक यांच्यातला विश्वास. ते वाक्य तिनं दोनदा वाचलं, खिडकीतून लिंबाच्या झाडाकडे पाहिलं आणि पान उलटलं.

तिला वाटायचं, शिकू तेवढी वाट मोकळी होईल. घडलं उलटंच. ती एक नवी गोष्ट शिकली की अण्णा तिच्या गळ्यात आणखी एक काम अडकवायचे. कॉम्प्युटर येतो, मग संघाचं मासिक काढ. मासिक निघतं, मग अण्णांचं भाषण लिही. भाषण जमतं, मग अण्णांच्या सुनेच्या बचत गटाचा अहवालही घे. रजा मागितली की अण्णा कौतुकानं म्हणायचे, "तू गेलीस तर संघ मुका हुईल की गं!" लोकांना ते कौतुक वाटायचं. तिला दार लावल्याचा आवाज ऐकू यायचा.

यातलंच एक प्रकरण नीट लक्षात ठेवावं लागेल. पंच्याण्णव साली कुणा विरोधकानं संघाच्या कागदाची नक्कल करून नगरला खोटी बातमी पाठवली की संघाने दुधाचा भाव उतरवला. सकाळी ती छापून आली आणि दहाच्या आत शेतकऱ्यांनी फाटकासमोर दूध ओतलं. तेव्हा यशोधरानंच तोडगा काढला. संघाच्या नावाने येणारी बातमी एरवी फॅक्सनेच जाईल. पाकिटातून काही आलंच, तर वर्तमानपत्राने ते उलट फॅक्स करून संघाची खात्री घ्यावी, त्याशिवाय छापू नये. नगरच्या प्रत्येक कार्यालयात ती स्वतः जाऊन हे सांगून आली. संचालक मंडळाने याबद्दल अभिनंदनाचा ठराव केला, कानिफनाथच्या.

मग आलं अठ्ठ्याण्णव साल. संघाने दुधाची नवी पिशवी बाजारात आणायची ठरवली, आणि जाहिरातीसाठी पुण्याची एक जनसंपर्क कंपनी नेमली. कंपनीच्या बाई पाहणीला आल्या. टेबलावरचं मासिक चाळता चाळता त्या थांबल्या.

"हे कोण काढतं?"

"आमचे कानिफनाथसाहेब," शिपाई म्हणाला.

बाईंनी कानिफनाथला पानांच्या मांडणीबद्दल दोन प्रश्न विचारले. तो प्रामाणिक माणूस, त्याने यशोधराकडे बोट दाखवलं. जाताना बाई तिला एवढंच म्हणाल्या, "अर्ज करा."

तिनं केला. जूनमध्ये क्लासचं निमित्त सांगून पुण्याला जाऊन मुलाखत देऊन आली. तिथं तिला एक बातमी लिहायला दिली, ती तिनं वीस मिनिटांत लिहून पानावर बसवूनही दिली. जुलैत पत्र आलं. नोकरी पक्की, एक सप्टेंबरला रुजू व्हावे. फक्त एक अडचण होती. आठ वर्षांच्या कामावर तिचं नाव कुठंच नव्हतं. कागदोपत्री ती दूध संकलनातली कारकून. तेव्हा जनसंपर्काचं काम केल्याचा अनुभवाचा दाखला अध्यक्षांच्या सहीनिशी आणावा, असं पत्रात लिहिलं होतं.

एका सहीवर सगळं येऊन थांबलं. आईला तिनं यातलं काही सांगितलं नाही. दाखला हातात आला की सांगू, उगाच आधी जिवाला घोर कशाला, असं तिनं ठरवलं. न घडलेल्याची बातमी द्यायची सवय तिला होती, पण घरात नाही.

अण्णांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"लई आनंद झाला बघ. आपल्या संघाच्या पोरीला पुन्याहून बोलावनं! दाखला देनारच की मी. पन आत्ता न्हाई. पिशवी बाजारात आली, येत्या वर्षी निवडनूक झाली, का मी सोता तुला गाडीनं पुन्याला सोडतो."

"अण्णा, एक सप्टेंबरला गेले नाही तर ती जागा जाईल."

"जागा काय, हजार येत्याल. आन् भिमाबाईचं परमनंट करायचं माज्या ध्यानात हाय बरं का. वर्धापनदिनाला ऑर्डरच देऊ हातात." मग ते एकदम खुशीत आले. "आसं करू. त्याच दिवशी तुजाबी सत्कार करू! पुन्याची नोकरी नाकारून आपल्या मातीत राह्यली म्हनून. लिव बातमी. आन् तुजं नाव घाल त्यात, ठळक!"

ती उठून टेबलाशी आली. आईचं परमनंट आणि आपला सत्कार एकाच दमात कसा बोलला गेला हे तिला कळलं नाही असं नाही. आठ वर्षं या माणसाच्या तोंडात तिनं शब्द घातले, आणि आज त्याने तिच्या तोंडात घातला. तोही तिनंच लिहायचा.

दोन दिवस ती हातातली कामं उरकत राहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना लिंबाच्या झाडाकडे पाहता पाहता तिला सुचलं. छापून आलेलं अण्णा खोटं पडू देत नाहीत. मग छापूनच येऊ दे की.

ऑगस्टातल्या वर्धापनदिनाच्या सकाळी तिनं दोन पानी बातमी केली. पहिल्या पानावर मान्यवरांची छप्पन्न नावं, एकही मागेपुढे नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक परिच्छेद होता. 'संघाच्या जनसंपर्क विभागाचे काम आठ वर्षे समर्थपणे सांभाळणाऱ्या यशोधरा रंभाजी साळवे यांची पुण्यातील कंपनीत निवड झाल्याबद्दल अध्यक्षांनी त्यांना अनुभवाचा दाखला प्रदान करून पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या.' हे छापून आल्यावर अण्णा सकाळी चहा फुंकत सही करतील, याबद्दल तिला शंका नव्हती. झाड लावलं तर दाखला काय!

अण्णा बातमी कधी वाचत नसत, नावं वाचत. त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि "झकास" म्हणून परत दिलं. फॅक्स कानिफनाथच्या खोलीत होता, आणि तिच्याच शिकवणीप्रमाणे तो प्रत्येक कागद शब्दन् शब्द वाचायचा. म्हणून "फोटो जोडायचाय, फॅक्सवर काळा येतो" असं सांगून तिनं पाकीट केलं आणि दीडला फाट्यावर जाऊन उभी राहिली.

"लई दिसांनी पाकीट, ताई!" आसाराम म्हणाला. "काय झालं मग आज संध्याकाळी?"

"माझा निरोप समारंभ," ती म्हणाली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यापुढे मनापासून हसली.

गाडी धूळ उडवत गेली. यशोधराने सगळ्याचा विचार केला होता, फक्त स्वतःच्याच नियमाचा नाही. तो नियम तिनं खोट्या बातम्यांसाठी केला होता. आपली बातमीही त्यात बसेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

कार्यक्रम तीनचा, सुरू झाला पाचला. मंडपात कॅन धुणाऱ्या बायका एका रांगेत बसल्या होत्या, भिमाबाई पुढे, धुतलेलं लुगडं नेसून. यशोधरा मंचाच्या कडेला उभी. इतक्यात तिला कानिफनाथ येताना दिसला, हातात फॅक्सचा लांब कागद धरून, मोठं काम उरकल्यासारखा. आलेला फॅक्स ज्याचा त्याला तडक नेऊन द्यायचा! तो तिच्या शेजारून गेला आणि मंचाच्या पायऱ्या चढला. कागदाच्या डोक्यावर उपसंपादकाचं मोठं अक्षर तिला लांबूनही वाचता आलं: 'पाकिटाने आली. आपलीच ना? कळवावे, सातपर्यंत वाट पाहतो.'

अण्णांनी गळ्यातले हार बाजूला सारून कागद मांडीवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली असावी. तोंडावरची रेघही हलली नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, खाली काहीतरी खोडलं, वर काहीतरी लिहिलं, आणि घडी करून कागद ठेवून दिला.

मग सत्कार कशाचा ते न सांगता नुसतं तिचं नाव पुकारलं गेलं. ती मंचावर गेली. अण्णांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, आणि नारळाखाली ती घडी. टाळ्या चालू असताना ते हळूच म्हणाले, "लिवलंयस झकास. येळ तेवढी चुकली. म्या दुरुस्त केलंय, जा, सातच्या आत पाठव." आणि माईककडे वळून मोठ्यानं, "आता आपल्या भिमाबाई! आठरा वर्सं कॅन धुत्यात, आज त्यांना कायम करतोय आपन!"

यशोधरा पायऱ्या उतरत होती आणि तिची आई चढत होती. मध्येच दोघी समोरासमोर आल्या. भिमाबाईनं शालीच्या काठाला हात लावून पाहिला आणि वर गेली.

आता तुम्ही म्हणाल, फाडून टाकायचा तो कागद. बाहेर बसून असं म्हणणं फार सोपं असतं. वर मंचावर आईच्या हातात ऑर्डरचा कागद पडत होता. यशोधरा ऑफिसात गेली, कॉम्प्युटर चालू केला आणि अण्णांनी मार्जिनमध्ये लिहिलं होतं तसं टाइप केलं. अण्णांनी तीन ठिकाणी शुद्धलेखन चुकवलं होतं, ते तिनं सुधारलं. सवय. सात वाजायला दहा मिनिटं असताना कागद मशीनमधून गेला.

सकाळी बातमी आली. आठवडाभराने पुण्याहून बाईंचं पत्र आलं: वर्तमानपत्रातील वृत्त वाचले, आपल्या निष्ठेचे कौतुक वाटते, जागा अन्य उमेदवारास देत आहोत. ते पत्र तिनं पदविकेच्या पुस्तकात ठेवलं, विश्वासाच्या पानात. रागानं ठेवलं.

पण त्याआधी, बातमी आली त्याच दिवशी, भिमाबाई दुपारी अंक घेऊन घरी आली. अण्णांनी स्वतः दिलेला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पोरीपुढं तो ठेवला.

"वाच. तुजं आलंय म्हनत्यात."

यशोधराने वाचलं. "'...यशोधरा रंभाजी साळवे यांनी पुण्यातील नामांकित कंपनीची चालून आलेली नोकरी संघावरील निष्ठेपोटी आणि आईच्या सेवेसाठी नम्रपणे नाकारली. त्याबद्दल अध्यक्षांच्या हस्ते...'"

"थांब," भिमाबाई म्हणाली. "पुन्याची नोकरी आल्ती तुला?"

"हो."

"आन् माज्यासाठी न्हाई म्हनलीस?"

यशोधराच्या ओठावर खरं आलं होतं. सांगितलं असतं तर भिमाबाई तशीच उठून संघात गेली असती, कायमची ऑर्डर अण्णांच्या टेबलावर टाकून, अठरा वर्षांसकट. ती तशीच बाई होती. म्हणून यशोधरा मान खाली घालून म्हणाली, "हो, आई."

भिमाबाईनं अंक जवळ ओढून घेतला. मग तिनं डोळ्याला पदर लावला.

"मला इचारायचंस तरी गं, येडे. म्या जा म्हनले असते. दोन हातांनी ढकलून जा म्हनले असते."

यशोधराला रडू कोसळलं. आईला वाटलं, माझ्या मायेनं रडते आहे. तिनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि शेवटी म्हणाली, "बरं, नाव कुठं हाय तुजं, ते दाव."

यशोधराने तिचं बोट धरून ठळक अक्षरांवर ठेवलं. आठ वर्षांत शेकडो बातम्या लिहिल्या, पण तिचं नाव छापून आलेली ही पहिलीच.

ते कात्रण भिमाबाईनं चौकटीत बसवून घेतलं आणि बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं. घरी कुणीही आलं, जयभीम झाला, पाणी झालं, की ती पोरीला हाक मारते, "वाचून दाव गं त्येस्नी." यशोधरा उठते, काचेसमोर उभी राहते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. पाहुणे विचारतात, "तुम्हीच लिहिलंय म्हणे हे?"

"हो," ती म्हणते, "मीच लिहिलंय."